शनिवारची गोळी

सोमवारी सकाळी सव्वासहाला कविता सिस्टरचा फोन आला, तेव्हा मी चहा गाळत होते. "कंपाउंडर काका गेले," ती म्हणाली. "बाथरूमला जाऊन आले, खुर्चीत बसले, जरा पाणी दे म्हणाले. मी पाणी घेऊन येईपर्यंत..." अशा वेळी माणसं काय विचारतात ते मला माहीत आहे. त्रास झाला का, जवळ कोण होतं, घरी कळवलं का. मी यातलं काहीच विचारलं नाही. मी विचारलं, "शनिवारी त्यांना ती बारीक गोळी दिली गेली का गं?" मग कविता म्हणाली, "मला काय माहीत ताई? तुम्ही डब्यात भरलं होतं तेच मी दिलं. तुम्ही आधी या तर खरं."

त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. काकांना जाऊन आता पाच आठवडे होतील. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की चांगलं चांगलं आठवायचं असतं, पण माझ्याकडे जे काही आहे ते सगळं त्या प्रश्नाला चिकटलेलं आहे. तो बाजूला ठेवून लिहिलं, तर ते काकांविषयी होणार नाही.

नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या कडेला एक वृद्धसेवा केंद्र आहे. तिथे मी दोन वर्षांपासून औषधांचं काम बघते. बत्तीस आजी-आजोबा आहेत. त्यांची औषधं मागवायची, कपाटात नीट लावायची, प्रत्येकावर नाव आणि वेळ चिकटवायची, आणि दर शुक्रवारी दुपारी प्रत्येकाचा आठवड्याचा डबा भरायचा. डब्याला सात दिवसांचे सात कप्पे, त्यात सकाळ-दुपार-रात्र. शनिवार-रविवार मी सुट्टीवर असते. ते दोन दिवस आणि एरवीही, सिस्टर कप्पा उघडून गोळ्या वाटीत काढतात आणि समोर धरतात. म्हणजे शुक्रवारी दुपारी माझा हात जिथे जाईल, ते पुढचे सात दिवस कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातं. हे मी रोज स्वतःला सांगत नाही... सांगितलं तर काम होणार नाही.

कंपाउंडर काकांच्या, म्हणजे खैरनार काकांच्या डब्यात हृदयाची एक बारीक पांढरी गोळी असायची. मुगाच्या डाळीएवढी. ती सोमवार ते शुक्रवारच द्यायची, शनिवारी-रविवारी नाही, कारण ती अंगात साठत जाते आणि जास्त साठली की ज्या हृदयाला सांभाळते त्यालाच मंद करते. काका म्हणायचे, "सरकारी गोळी आहे माझी. आठवड्याला दोन दिवस रजा घेते." कविताचा फोन ठेवला आणि स्कूटर काढली, तेव्हा मला त्यांचा चेहरा आठवत नव्हता. मला त्यांचा डबा दिसत होता. शनिवारचा कप्पा मी तिच्यापुरता रिकामा ठेवला होता का? शुक्रवारी दुपारी माझी बोटं त्या कप्प्यावर थांबली होती, की पुढे गेली होती? थंडी इतकी होती की हँडलवर हात बधिर झाले होते, आणि तरी पाठीवरून घाम उतरत होता.

काका चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सटाण्याच्या बाजारात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी चाळीस वर्षं कंपाउंडरचं काम केलं. म्हणून केंद्रात सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणत, अगदी नवीन आलेल्या आज्यासुद्धा. बायको गेलेली, मुलगी मंगलताई सटाण्याला. हृदयाचे डॉक्टर नाशकात म्हणून ते इथे राहायला आले होते. मी कामाला लागले तेव्हापासून रोज अकराच्या सुमाराला ते माझ्या औषधखोलीच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे आणि नुसते बघायचे. मला वाटायचं, मॅडमनी माझ्यावर लक्ष ठेवायला पाठवलंय. आमच्या व्यवस्थापिकाबाईंना आम्ही मॅडम म्हणतो. मी मुळात कमी बोलते, त्यात कुणी बघत असलं की माझ्या हातातून गोळ्या निसटतात.

एके दिवशी त्यांनी खिडकीतूनच इथल्या एका आजींबद्दल विचारलं, "लीलाताईंची साखर किती आली आज?" मी म्हटलं, "वन फिफ्टी नाइन." "मराठीत?" मी रजिस्टरची पानं उलटू लागले. "एकशे एकोणसाठ," ते म्हणाले. "मग एकोणसत्तर म्हणजे किती, सांग." मी चाचरत म्हटलं, "सेव्हंटी... नाइन?" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तुमच्या कॉन्व्हेंटात पाढे नव्हते का गं? नुसतं ट्विंकल ट्विंकलच?" मला राग आला होता. घरी जाऊन मी एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे आकडे वहीत लिहून काढले, आणि हे कुणाला सांगितलं नाही.

या ओळखीला तीन आठवडेही झाले नसतील, तेव्हाची गोष्ट. मी रजिस्टरमध्ये मान घालून बसले होते. बागेचं काम बघणारे दगडूभाऊ दारात आले आणि म्हणाले, "ताई, औषध आणलंय. कुठं ठेवू?" मी मान वर न करता म्हटलं, "कपाटात ठेवा, खालच्या फळीवर." त्यांनी ठेवलं आणि गेले.

मी शहरात वाढले. औषध या शब्दाचा मला एकच अर्थ माहीत होता. आमच्या केंद्राच्या कुंपणापलीकडे, पार दिंडोरीपर्यंत, बागांवर ट्रॅक्टरने जे फवारतात त्यालाही औषधच म्हणतात. "आज औषध मारलं" म्हणतात. आणि अमक्याने "औषध घेतलं" असं कुणी आवाज खाली करून सांगितलं, तर त्याचा अर्थ तो बरा होतोय असा नसतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जास्वंदीवर माव्याची कीड पडली होती, म्हणून दगडूभाऊंनी शेजारच्या बागेतून थोडं औषध मागून आणलं होतं. न्यायला भांडं नव्हतं, म्हणून आमच्याच कचऱ्यातली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन घेतली होती. तिच्यावरचं लेबल अगदी शाबूत होतं.

दुपारी व्हरांड्यात लीलाताईंना खोकल्याची उबळ आली. कविताने कपाट उघडलं, हाताला आली ती बाटली घेतली, आणि चमच्यात ओतून त्यांच्या तोंडाशी नेली. शेजारच्या खुर्चीत काका पेपर वाचत होते. कविता नंतर सांगायची, की त्यांनी वाचता वाचता नाक वर केलं, जणू कुणी त्यांना हाक मारली असावी. मग ते ओरडले, "थांब! थांब! काय शे ते बाटलीमा?" आणि हाताने चमचा उडवला. घाबरले की ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलायचे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

लीलाताई भडकल्या. "अहो कंपाउंडर, डोळे फुटले का? नवी साडी आहे माझी!"

"साडीचं काय घेऊन बसलात? आत जा आणि आत्ताच्या आत्ता बदला. कविता, हात धू. साबणाने. दोनदा."

"म्हातारा खुळावलाय," लीलाताई आत जाता जाता म्हणाल्या. आपण कशापासून वाचलो ते त्यांना संध्याकाळी कळलं. मग दोन दिवस त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

काका बाटली घेऊन माझ्या खिडकीशी आले. बाटली त्यांनी फळीवर ठेवली आणि बूच उघडलं. तो उग्र वास मी ओळखला. सकाळी स्कूटरवरून येताना बागांच्या कडेने येतो तो वास. आणि त्याच क्षणी मला आठवलं... दारातला आवाज, "कुठं ठेवू?", आणि माझं उत्तर. "हे कपाटात कसं आलं?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही."

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. दगडूभाऊ टोपी हातात धरून उभे होते. "ताईंना इचारूनच ठेवलं जी," ते म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला आठवत नाही." मॅडम म्हणाल्या, "दगडूभाऊ, उद्यापासून येऊ नका." काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि निघून गेले.

मी औषधखोलीत येऊन बसले. चार वाजता काका चहाचा कप घेऊन आले आणि पहिल्यांदाच खिडकीशी न थांबता आत येऊन स्टुलावर बसले. त्यांनी मला काही विचारलं नाही. स्वतःचंच सांगू लागले. "आमच्या वेळी प्यायचं औषध अन् लावायचं औषध, दोन्हीला बाटली एकच. लेबल मी चिकटवायचो. घरच्या खळीने. एका बाईला गुडघ्याला लावायचं औषध दिलं. खळ पातळ झाली होती. घरी जाईपर्यंत लेबल गळून पडलं. ती प्यायली."

मी विचारलं, "मग?"

"वाचली. पण घसा जळाला. आवाज गेला तिचा. दर बाजारच्या दिवशी दवाखान्यावरून जायची, थांबायची, माझ्याकडं बघायची. बोलायची नाही. बोलणार कशी?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "डॉक्टर म्हणाले, लेबल पाण्याने निघालं असेल. मी म्हटलं, असेल."

"खळ पातळ होती, ते तुम्ही..."

"नाही सांगितलं," काका म्हणाले. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "दगडू सायकल काढतोय बघ."

मी धावले. फाटकापाशी दगडूभाऊंना थांबवलं आणि तसंच त्यांना घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. मला इतका दम लागला होता की पहिलं वाक्य मॅडमना कळलंच नाही, ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण होतं. मॅडमनी मला लेखी ताकीद दिली. दगडूभाऊ राहिले. त्या दिवसापासून ते दारात आले की आधीच सांगतात, "ताई, झाडाचं औषध हाय, माणसाचं न्हाय."

त्यानंतर काका रोज आत येऊन बसू लागले. मी त्यांना या म्हटलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नाही. कपाटाच्या मागच्या भिंतीवर दुपारभर ऊन पडतं हे त्यांनी भिंतीला हात लावून शोधून काढलं, आणि "गोळ्या काय पापड आहेत का वाळवायला?" म्हणत मॅडमकडून कपाट हलवून घेतलं. इन्सुलिन स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी असायचं, त्यासाठी कुलूप लागणारा छोटा फ्रीज आला, तो त्यांनी महिनाभर भुणभुण केल्यावर. लावायच्या प्रत्येक बाटलीच्या मानेला ते सुतळी बांधायचे. "वाचता येत नाही, दिसत नाही, घाई आहे... तरी बोटाला कळलं पाहिजे." खोकल्याच्या बाटल्या संपल्या की मी त्यांची लेबलं फाडून बुचं मोडून टाकायची, आणि ते शेजारी बसून मोजायचे. कुणाचा मुलगा त्र्यंबकेश्वरहून येताना प्लास्टिकच्या पिशवीत कसलंसं चूर्ण घेऊन आला, तर त्याच्याशी वाद घालायला मी काकांनाच पुढे करायची. "याचं नाव काय?" ते विचारायचे. "आयुर्वेदिक आहे हो काका, चांगलं आहे." "चांगलं असेल. नाव काय?" नाव नसेल तर पिशवी परत जायची.

लेबलं मी इंग्रजीत छापायची. कविता पेठकडची, मराठी शाळेत शिकलेली, तिला इंग्रजी अडखळत वाचावं लागायचं आणि ते ती लपवायची, जसे मी मराठी आकडे लपवायची. हे काकांनीच ओळखलं. मी हाताने मराठीत लिहायला लागले, तेव्हा माझ्या एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा चार आहे की आठ?" "चार." "मग डोकं मिटून का बसलाय? चाराचं डोकं उघडं असतं पोरी." माझा मराठी चार हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसत होता. इन्सुलिनचे चार युनिट आणि आठ युनिट. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. तेव्हापासून आमच्या लेबलांवर आकड्यापुढे अक्षरातही लिहिलेलं असतं.

आता त्या शुक्रवारचं लिहायला हवं. दुपारचे साडेतीन. मी डबे भरत होते. काकांच्या गोळ्यांचं नवं पाकीट उघडलं होतं, त्यात दहा गोळ्या, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांच्या. त्यांचाच डबा समोर होता आणि फोन वाजला, घाऊक दुकानातून. त्याच वेळी दारात खोका घेऊन माणूस आला, सही द्या म्हणून. मी फोन खांद्याने कानाशी धरला, एका हाताने सही केली, दुसऱ्या हाताने गोळ्या टाकत राहिले. काका स्टुलावर होते. पाय फार सुजलेले, श्वास जरा लागलेला. म्हणाले, "आधी फोन संपव. मग डबा. दोन्ही एकदम नको."

मी फोन ठेवला आणि म्हटलं, "काका, झालाय भरून. दोन वर्षं भरतेय मी."

"बरं बाई," ते म्हणाले.

हे आमचं शेवटचं बोलणं. मी त्यांना दाराशी सोडायलाही उठले नाही.

सोमवारी मी केंद्रावर पोचले, तेव्हा त्यांना पलंगावर निजवलं होतं, चादर हनुवटीपर्यंत. कविता शेजारी उभी होती. मी एकदा पाहिलं आणि औषधखोलीत गेले. आधी डबा उघडला. शनिवार, रविवार रिकामे. पण रिकामा कप्पा काय सांगणार? त्यात काय होतं ते तो सांगत नाही. सोमवार ते शुक्रवारच्या सकाळच्या कप्प्यांत एकेक बारीक पांढरी गोळी. पाच. मग पाकीट काढलं. दहातल्या पाच डब्यात, म्हणजे पाकिटात पाच उरायला हव्यात. चार होत्या.

मी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. टेबलाखाली ओणवी होऊन फरशीवर हात फिरवला, खोका हलवला, केरसुणीने कोपरे झाडले. दहावी गोळी कुठेच नव्हती. शनिवारच्या किंवा रविवारच्या कप्प्यात ती गेली होती, माझ्याच हाताने, फोन खांद्यावर असताना. त्या खोलीत मी एकटीच होते. पाकीट कुणी मोजणार नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा, हृदयाचा रुग्ण, पाय सुजलेले... कुणालाही काही विचारावंसं वाटलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला. तो किती स्पष्ट आला होता, हे आठवलं की मला अजूनही माझीच भीती वाटते.

मग पाकीट आणि डबा घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेले. आमच्याकडे येणारे डॉक्टर तिथेच बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी पाकीट हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हृदय थकलेलंच होतं त्यांचं. एका गोळीने हे झालं असं मला वाटत नाही." मी विचारलं, "नक्की नाही ना?" त्यांनी चष्मा काढला. "नक्की असं मी कसं म्हणू?" मॅडम म्हणाल्या, "मंगलताईंना काय सांगायचं ते मी बघते. तू मध्ये पडू नकोस." मी म्हटलं, "मी सांगेन." पण त्या दिवशी मंगलताई आल्या त्या रडत, गाडी फाटकात उभीच होती, आणि त्या वडिलांना घेऊन गावी गेल्या. माझं धाडस झालं नाही.

पुढचे चौदा दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. कामावर जात होते. दर डबा भरल्यावर पुन्हा रिकामा करून भरत होते. मला ताप आला, आईने गोळी हातावर ठेवली, आणि मी ती तोंडात टाकू शकले नाही. आई म्हणाली, "अगं, तापाचीच आहे." मी म्हटलं, "तुला कसं माहीत?" घरात कुणी शनिवार म्हटलं तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

पंधराव्या दिवशी मंगलताई सामान न्यायला आल्या. काकांच्या खोलीत त्या पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी दारात उभी राहिले आणि आत न जाताच सगळं सांगितलं. पाकीट, दहा, पाच, चार. फोन. शनिवार. त्यांचे हात थांबले. मग त्यांनी विचारलं, "औषधांच्या खोलीतली पोरगी ती तुम्हीच का?"

"हो."

"बाबा बोलायचे फोनवर. म्हणायचे, घाबरट आहे."

"अजून काय म्हणायचे?"

"एवढंच."

त्यांनी पुढचा कपडा उचलला. काकांची लोकरी बंडी होती. घडी घालताना आतल्या खिशाशी काहीतरी टोचलं म्हणून त्यांनी हात घातला आणि एक कागदाची पुडी काढली. जुन्या दवाखान्यात पावडरीच्या पुड्या बांधायचे तशी, टोकं एकमेकांत खोचलेली, कितीही हलवली तरी न उघडणारी. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेचा कागद. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं होतं. मंगलताईंनी ते मोठ्याने वाचलं. "शनिवार सकाळ. हृदयाची गोळी, नग एक. चुकून आली. घेतली नाही. सोमवारी पोरीला दाखवणे. इतरांसमोर नको."

पुडी उघडली. आत ती होती. मुगाच्या डाळीएवढी.

"म्हणजे घेतलीच नाही त्यांनी," मंगलताई म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या, बंडी तोंडाशी धरून. मी दाराची चौकट धरली होती. चौदा दिवस छातीवर असलेलं काहीतरी उतरत होतं, ते मला जाणवत होतं. पण ते पूर्ण उतरायच्या आतच दुसरं चढलं. तोवर कुठेतरी एक आशा होती, की गोळी पाकिटातच कमी आली असेल, फरशीच्या फटीत गेली असेल. आता वार घालून लिहिलेलं होतं. चूक झाली होती, माझीच होती. त्या चुकीतून काका वाचले होते, कारण त्यांनी वाटीत पाहिलं. शनिवारी ते कविताला सांगू शकले असते, मॅडमना सांगू शकले असते. ती पुडी दोन दिवस खिशात ठेवून ते माझ्या सोमवारची वाट बघत राहिले. आणि उरलेल्या एकतीस जणांपैकी कितीजण वाटीत बघतात? लीलाताई बघत नाहीत. बहुतेकांना दिसतच नाही.

मंगलताईंनी ती पुडी मलाच दिली. मी ती डॉक्टरांना दाखवली, झालं ते रजिस्टरमध्ये माझ्या नावासकट लिहिलं. आता शुक्रवारी दुपारी औषधखोलीचं दार आतून लावलेलं असतं आणि फोन मॅडमकडे असतो. कविता एकेक नाव मोठ्याने वाचते, मी गोळी टाकते, मग मी वाचते आणि ती बघते. बत्तीस डब्यांना चार तास लागतात. मॅडम म्हणतात, फार वेळ लागतो. मी ऐकून घेते.

काकांच्या खोलीत आता आहेर आजोबा आले आहेत. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, कळवणचे, मोठ्या आवाजाचे. वाटी पुढे केली की न बघता सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकतात. परवा कविता रजेवर होती म्हणून मीच वाटी घेऊन गेले, आणि म्हटलं, "आजोबा, एकदा बघून तरी घ्या ना, काय आहे ते."

ते मोठ्याने हसले. "ताई, तीस वर्षं एस.टी. चालवली आपण. मागं बसलेल्या पन्नास माणसांनी कधी इचारलं का, ड्रायव्हर, ब्रेक बघितला का म्हणून? तिकीट काढायचं अन् झोपायचं. तुम्ही द्या, आपण गिळतो."

मी सहसा असं विचारत नाही. पण विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही बघायचात का ब्रेक?"

त्यांचं हसू हळूहळू थांबलं. "रोज," ते म्हणाले. "डेपोतून निघायच्या आधी. घाट उतरायचा असायचा ना..."

त्यांनी तोंडाशी नेलेली वाटी मी परत मागून घेतली, खिडकीपाशी उजेडात नेली आणि एकेक गोळी ओळखून पाहिली. पाच होत्या. पाचच हव्या होत्या. मी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.